सपाट आवाज

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी पी. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तो तर तुझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतोय. आता तो घरातलाच एक माणूस झालाय. दर रविवारी फोन होत असताना आईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तू म्हणशील. तर तुझ्याशी एक गोष्ट बोलायची आहे. ती तुझ्याबद्दलचीच आहे, आणि फोनवर बोलायची माझी हिंमत होत नाही. पत्रातही ती पहिल्याच पानावर मांडायला हात धजत नाहीये. म्हणून आधी आमच्या पोरांच्या स्पर्धांची सगळी हकिकत सांगते. ती तू तुकड्यातुकड्यांनी ऐकली आहेस, पण मधला भाग मी तुला कधी सांगितलाच नाही, कारण त्यात माझीच फजिती आहे.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी तुला ठाऊक आहे. बाबा तिला 'नकाशा' म्हणतात. कुठल्याही देशाचं नाव काढा, ती त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सांगते. पावसाळा संपता संपता ती एकदा खाली आली आणि दारातच चुळबुळत उभी राहिली. तिच्या कॉलेजची प्रश्नमंजूषेची टीम आहे, चौघांची. गेल्या वर्षी ते सगळ्यांत शेवटचे आले होते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं की यंदा उपांत्य फेरीपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत आलात तर ठीक, नाहीतर टीम बंद, आणि तुमची सरावाची खोली नाचवाल्यांना. खोली तर आधीच दुरुस्तीच्या नावाखाली काढून घेतली होती. 'काकू, तुमच्या जेवणाच्या टेबलावर सराव केला तर चालेल का? आम्ही आवाज करणार नाही,' ती म्हणाली. मी हो म्हणायच्या आत बाबा आतून ओरडले, 'आवाज करणार नसाल तर येऊ नका. इथे शांतता पुष्कळ आहे.'

मग ती चौकडी आली. कप्तान, कायद्याचा विद्यार्थी, उंच, साधं 'पाणी द्या' म्हणतानाही निकाल वाचून दाखवल्यासारखं म्हणणारा. पोटोबा, ज्याला खेळ आणि सिनेमा यातलं सगळं येतं आणि बिस्किटांचा डबा कुठे ठेवलाय तेही न सांगता कळतं. नकाशा. आणि चौथी एक बारीकशी मुलगी. ती पहिल्या दिवशी 'नमस्कार' म्हणाली आणि नंतर आठवडाभर काहीच बोलली नाही. पोटोबाने तिचं नाव 'गुपचूप' ठेवलं होतं, आणि तिने त्यालाही हरकत घेतली नव्हती.

बाबांच्या अंगात तर वारं शिरलं. टेलिफोन खात्यातून आणलेले जुने भाग त्यांनी माळ्यावरून काढले, आणि दोन दिवस जेवणाचं भान नाही. चार बटणं, चार रंगीत दिवे आणि एक घंटा. पहिलं बटण दाबलं की बाकीची तीन मुकी होतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा म्हणाले, 'त्यात काय, दहा हजार लोकांना एकमेकांशी बोलायला लावलंय मी, तुम्ही तर चारच.' आणि मग माझ्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, 'प्रश्न ही वाचेल. कॉन्व्हेंटची आहे. हिचा एक शब्द कधी पडायचा नाही.'

मला खरं तर आनंदाने गुदगुल्या झाल्या. शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही मोठ्याने वाच म्हटलं नव्हतं. पेन्शन मिळते, पण समोर बसून तोंड उघडं टाकून ऐकणारी सहा वर्षांची पोरं कुठे मिळतात? तुला या स्पर्धेचा प्रकार नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यात प्रश्न म्हणजे एक परिच्छेदच असतो. आधी अगदी अवघड खूण, मग जरा सोपी, शेवटी कुणालाही सुचेल अशी. वाचणारा वाचत राहतो, आणि ज्याला सुचलं त्याने मध्येच बटण दाबून त्याला थांबवायचं. जितकं आधी दाबाल तितके गुण जास्त. पण उत्तर चुकलं तर गुण जातात, शिवाय उरलेला प्रश्न समोरचे लोक आरामात ऐकतात. म्हणजे नुसतं माहीत असून भागत नाही. आपल्याला माहीत आहे हे इतरांच्या आधी कळावं लागतं.

आणि ठमे, आमची पोरं काय वेगाने तयार झाली! मी 'या प्राण्याला तीन हृदयं असतात, आणि त्याचं रक्त निळं' एवढं म्हणेपर्यंत घंटा वाजायची आणि कप्तान 'ऑक्टोपस' म्हणून निकाल द्यायचा. महिनाभरात अशी वेळ आली की मला एकही प्रश्न शेवटपर्यंत वाचायला मिळेना. एका रविवारी मी तुला फोनवर हे सगळं फुशारक्या मारत सांगितलं होतं. आठवतं? मागून जावईबापू ओरडले होते, 'सासूबाई, तुमच्या टीमला विचारा, या घरात जावयाला किंमत कधी येणार!' आणि तू त्यांना म्हणालीस, 'शेवटच्या फेरीत,' आणि दोघं इतके हसलात की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, 'बरं वाटलं.'

फक्त गुपचूप बटण दाबत नसे. हात मांडीवर ठेवून बसायची. मी वाचत असताना तिचे डोळे कागदाकडे किंवा बटणाकडे नसत, माझ्या तोंडाकडे असत. कप्तान वैतागायचा. 'ही नुसती शोभेला बसते. हिच्या जागी दुसरं कुणी घ्यायला हवं,' असं तो ती चपला घालत असताना बोलला, तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. तिने चपला घातल्या, मला 'येते काकू' म्हटलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

मग स्पर्धा सुरू झाल्या. पहिला सामना दुसऱ्याच एका कॉलेजात होता. मी आणि बाबा मागच्या बाकावर, मी नवी शाल घेऊन, जणू लेकीचं बक्षीस घ्यायला निघाले होते. वाचायला एक दाढीवाले प्राध्यापक होते. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं त्यांनी वाचायला सुरुवात केली. एका सुरात, चढ नाही, उतार नाही. आमची पोरं खुर्चीच्या टोकावर वाकून बसली होती आणि त्यांना कळेचना की दाबायचं कधी. समोरच्यांनी दाबलं की कप्तान मांडीवर हात आपटायचा. म्हणजे उत्तर त्याला येत होतं. मग चिडून त्याने आधीच दाबायला सुरुवात केली, आणि चुकला. पोटोबा त्याचं बघून चुकला. आम्ही इतके वाईट हरलो की समोरच्या टीमने नंतर येऊन आमची चौकशी केली, काही आजारबिजार आहे का म्हणून.

दुसरा सामनाही तसाच. बसमध्ये चौघंही वेगवेगळ्या बाकांवर बसली. पोटोबा एवढंच म्हणाला, 'घरात आपण वाघ, आणि बाहेर मांजर.' त्याने बिस्किटंही घेतली नाहीत तेव्हा मला खरी काळजी वाटली. आता एकही सामना हरून चालणार नव्हतं.

त्या आठवड्यात सराव म्हणजे नुसती भांडणं. कप्तान म्हणाला वाचन वाढवा, नकाशा म्हणाली झोप वाढवा. मी आपली मध्ये पडून म्हटलं, 'अरे, घरी तर तुम्हाला सगळं येतं!' तेव्हा गुपचूप बोलली. इतक्या हळू, की बाबांनी कानाला हात लावला. ती म्हणाली, 'घरी काकू सांगतात.' मी म्हटलं, 'काय सांगते मी?' ती लाल झाली, पण थांबली नाही. 'महत्त्वाची खूण यायच्या आधी तुमचा आवाज खाली येतो, आणि थोडा प्रेमळ होतो. म्हणजे, आता लक्ष द्या हं बाळांनो, असा. हे तिघं त्याच्यावर दाबतात. त्यांना माहीत नाहीये.' कप्तान उसळला. 'आम्ही काय पहिलीतली पोरं आहोत?' बाबा तडक उठले. आत गेले आणि पाणी तापवायच्या यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका घेऊन आले. मला म्हणाले, 'हे वाच. प्रश्नच आहे असं समजून वाच.' पोरांना म्हणाले, 'बसा बटणावर.'

मी वाचायला लागले. यंत्र भिंतीपासून किती अंतरावर लावावं, पाण्याची तोटी कुठल्या बाजूला असावी, आणि मग 'मात्र, ओल्या हातांनी' इथवर आले, आणि तीन हात एकदम बटणांवर पडले! घंटा ठणाणली. पोटोबाचा लाल दिवा लागला, आणि तो बिचारा उभा राहून उत्तर शोधायला लागला. मग नकाशा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली, पोटोबा खाली बसला तो खुर्ची सोडूनच, आणि तुझे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. गुपचूपचे हात मांडीवरच होते. कप्तानने तिला विचारलं, 'तुला कळत होतं, तर तू का नाही दाबत?' ती म्हणाली, 'ते कॉपी केल्यासारखं वाटतं.'

सगळे हसत होते, मीही हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले. ही सवय कुठून लागली ते मला ठाऊक होतं. वर्गात गोष्ट वाचताना लांडगा यायच्या आधी आवाज खाली न्यायचा, म्हणजे पोरं बाक धरून बसतात. आणि त्याच्याही आधी तू. तुला तर मी 'आणि मग' म्हटलं की तू पांघरुणात शिरायचीस. राक्षस अजून दोन वाक्यं लांब असायचा. तुझे बाबा दारातून म्हणायचे, 'अगं, तिला घाबरवू नकोस.' मी म्हणायचे, 'घाबरवत नाही, तयार करतेय.' खरंच तसं वाटायचं मला, की आईच्या आवाजावरून पुढचं आधी कळलं तर लेकराला धक्का कमी बसेल. इकडे त्या लाडाने चार पोरांचं वर्ष पाण्यात जायची वेळ आली होती.

मी म्हटलं, उद्यापासून वाचायला दुसरं कुणी बघा. पण ऐकतील तर ना! कप्तानने ठराव मांडल्यासारखं सांगितलं, 'काकू, वाचणार तुम्हीच. फक्त आम्हाला काही सांगायचं नाही.' आमच्या शाळेतल्या वाचनाच्या सिस्टर नेमकं हेच म्हणत. छोट्याशा, गोऱ्यापान, हातात लाकडी पट्टी. पण ती त्यांनी कधी कुणाला मारली नाही, नुसती टेबलावर ठेवायच्या. 'वाचणाऱ्याने खिडकीसारखं असावं,' म्हणायच्या, 'बाहेरचं दिसावं, काच दिसू नये.' मला बक्षिसं मिळायची ती नाट्यवाचनाची. खिडकी होणं मला कधी जमलंच नव्हतं.

मग आमचे धडे सुरू झाले. पोरं यायच्या आधी बाबा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचे आणि मी वाचायचे. आवाज जरा हलला की ते एक बोट वर करायचे. पहिले काही दिवस बोट खाली येईचना. 'भूकंप' आला की वर, 'आई' आलं की वर. मी चिडून म्हटलं, 'अहो, माणूस आहे मी!' तर म्हणतात, 'आत्ता नाहीस. आत्ता तू लेबल आहेस.' मला वाटायचं, सपाट वाचायचं म्हणजे मन काढून घ्यायचं, की झालं. तसं नाही गं. मन काढून घेतलं की आवाज पडतो, आणि तेही कळतं. सपाट आवाज रिकामा नसतो. तो भरलेल्या भांड्यावर झाकण दाबून धरल्यासारखा असतो, आणि एक क्षणही हात काढता येत नाही. अर्धा तास तसं वाचलं की माझी मान आणि जबडा दुखायचा. एक दिवस मी दोन पानं वाचली आणि बोट एकदाही वर गेलं नाही. मी खुशीत विचारलं, 'जमलं ना?' बाबा खुर्चीतच माझ्याकडे वळले. मग म्हणाले, 'जमलं. पण हा आवाज मला आवडत नाही. आपलं मोठं भांडण झालं होतं ना, त्यानंतर तू अशी बोलायचीस. जेवायला वाढलंय. पाणी गेलंय. दूधवाला आला होता.' त्या भांडणाचं तुला ठाऊक नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस. आता त्याचं काही नाही. पण त्यांना तो आवाज इतक्या वर्षांनी ओळखू आला.

तेव्हाच कधीतरी आपले रविवारचे फोन बदलायला लागले. मी 'जावईबापू कुठेत?' विचारलं तर तू म्हणालीस बाहेर गेलाय. पुढच्या वेळी म्हणालीस कामात आहे. मग म्हणालीस झोपलाय, आणि फोन सकाळी अकराचा होता. मी त्यांच्यासाठी विणलेला निळा स्वेटर पाठवला, तर 'मिळाला, छान आहे' एवढं आलं, आणि तेही तुझ्याकडून. मी विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं, नवराबायकोत काही कुरबूर असेल, मध्ये आईने नाक खुपसू नये. तू मला हवामान सांगायला लागलीस. मी तुला पोरांचे सामने सांगायला लागले. किती बोलायचो गं आपण, आणि फोन ठेवला की हातात काहीच उरायचं नाही.

सामने मात्र सुधारले. सराव आता मंद झाला होता. घरी घंटा उशिरा वाजायची, पोरं चरफडायची, पण बाहेर गेली की त्यांना वेगळं काही वाटायचं नाही. नकाशाने एक सामना जवळजवळ एकटीने काढला. पोटोबाने एकदा उत्तर देऊन समोरच्या टीमला विचारलं, 'तुमच्याकडे खायला काय आहे?' असं करत करत आम्ही त्या सामन्यापर्यंत आलो जो जिंकला तर शेवटच्या चारांत, नाहीतर खोली नाचवाल्यांना. वाचायला पुन्हा तेच दाढीवाले प्राध्यापक. गुण बरोबरीचे, शेवटचा प्रश्न. ते म्हणाले, 'जुन्या काळी टोप्या बनवणारे कारागीर या पदार्थामुळे आजारी पडत,' आणि घंटा वाजली.

गुपचूपचा हात बटणावर होता. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. कप्तानने तिच्याकडे असं पाहिलं की जणू टेबलच बोललं. ती उभी राहिली, आणि शब्द काही फुटेना. मला तिला हाक मारायची होती, आवाज खाली आणून, 'बाळा' म्हणून. बाबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. मग ती म्हणाली, 'पारा.' प्राध्यापकांनी त्याच लेबलच्या आवाजात म्हटलं, 'बरोबर.' आणि एवढं म्हणून पहिल्यांदाच हसले. पोटोबाने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडले. कप्तान येऊन तिच्यासमोर उभा राहिला. निकाल काही सुचेना, म्हणून शेवटी म्हणाला, 'माझं चुकलं.' ती म्हणाली, 'हो.' पुढच्या फेरीत आम्ही दणकून हरलो, पण ते हरणं इतकं आनंदाचं होतं की बसमध्ये चौघं एकाच बाकावर कोंबून बसली. टीम राहिली. खोलीही परत मिळतेय, पण पोरं म्हणतात आम्ही टेबल सोडणार नाही.

बसमध्ये गुपचूप नंतर माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, 'माझ्या आवाजाचं तुला कसं कळलं गं?' ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'आमच्या घरी आधी आवाज ऐकावा लागतो. मग ठरवायचं, बाहेरच्या खोलीत जायचं की नाही.' मी माझी शाल तिच्याही खांद्यावर ओढली. उतरेपर्यंत ती तशीच बसली होती.

आता गेल्या रविवारचं. पोरं चहाला आली होती, हरल्याचा आनंद साजरा करायला. माझे हात ओले होते, म्हणून तुझा फोन नकाशाने उचलून स्पीकरवर ठेवला. तुला ते ठाऊक नव्हतं, त्याबद्दल मला माफ कर. तू म्हणालीस, 'हो गं आई, सगळं छान. तोही मजेत आहे. काम चालू आहे. थंडी कमी झाली इकडे.' मी म्हटलं, बरं बरं, जप. फोन संपला, पोरांची बडबड पुन्हा सुरू झाली. गुपचूप माझ्याबरोबर कप पुसायला आत आली. एक कप पुसून झाला, दुसरा हातात घेतला, आणि खाली मान घालून तिने विचारलं, 'काकू, ताई नेहमी असंच वाचतात का?' मग सावरून म्हणाली, 'म्हणजे, बोलतात का?'

ठमे, तुझा आवाज कधीच असा नव्हता. फुलदाणी फोडलीस तेव्हा 'मला काय माहीत' म्हणताना तो असा वर चढला होता की शेजारच्या वहिनींना कळलं कुणी फोडली. तू प्रेमात पडलीस तेव्हा तर तू नुसतं 'मीठ दे' म्हणालीस आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं. आणि आता तू मला 'सगळं छान' असं सांगतेस की एक बोटही वर करायला जागा नाही. तो आवाज बसवायला मला अख्खा हिवाळा लागला, तोही रोज समोर कुणीतरी माझ्या चुका मोजत असताना. तू तो एकटीने बसवलास. रविवारचा फोन लावायच्या आधी तू किती वेळा म्हणून बघत असशील गं! कळलं मलाही होतं गं, त्या मुलीच्या आधी कळलं होतं. ऐकायचं नव्हतं इतकंच.

काय झालंय ते मला माहीत नाही, आणि मी अंदाजही करणार नाही. अर्धा प्रश्न ऐकून उत्तर देणाऱ्यांचं काय होतं ते मी हिवाळाभर पाहिलंय. कुणाचं चुकलं, काय करायचं, लोक काय म्हणतील, यातलं काहीही मी विचारणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी निघतेय, संध्याकाळी तुझ्या दारात. बाबा 'मीही येतो' म्हणत होते. मी म्हटलं, आधी मला जाऊ द्या. त्यांनी काही न विचारता माझी बॅग माळ्यावरून काढली आणि तिच्या कड्यांना तेल घालून ठेवलं. मी यायला नको असेल तर फोन करून तेवढं सांग. कुठल्या आवाजात सांगतेस ते मी ऐकणार नाही, तुझा शब्द मानून घरी थांबेन. नाही सांगितलंस तर दार उघड आणि काही बोलू नकोस. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, कितीही मध्ये थांबत, रडत, ओरडत, कसंही सांग. मला घाई नाही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझीच,
आई